तिसरा उजाळा

तिसरा उजाळा आपल्यासाठी ठेवायचा, हे मगदूम सरांनी मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. बोलले मात्र कुणाजवळ नव्हते. बोलणार तरी कुणाजवळ? एकुलती एक लेक सन्मती पर्थला, आणि जिच्याजवळ जन्मभर सगळं बोलत आले ती पद्मजा आता त्यांना ‘मामा’ म्हणत होती.

मामा म्हणजे वॉर्डबॉय. पद्मजाची सगळी नोकरी मिरजेतल्या एका जुन्या दवाखान्यात नर्स म्हणून गेली. स्मृतिभ्रंशानं तिच्यातलं एकेक उचलून नेलं. आधी कालपरवाचं गेलं, मग लेकीचं लग्न, मग स्वतःचं. वॉर्ड तेवढा राहिला. तिच्या लेखी आता घराचा हॉल म्हणजे पुरुषांचा सर्जरी विभाग होता आणि तिला भरवणारा, न्हाऊ घालणारा, केस विंचरून देणारा हा उंच, टकला माणूस तिथला कामगार.

“मामा, तीन नंबरचं सलाईन संपत आलंय. लक्ष कुठंय तुमचं?”

“होय सिस्टर, बघतो,” सर म्हणायचे आणि पडद्यामागे जाऊन यायचे.

पहिल्यांदा त्यांना हसू यायचं. नंतर येईनासं झालं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि एवढ्या वर्षांत तिनं त्यांना ‘अहो’ सोडून दुसरी हाक मारली नव्हती. त्या एका हाकेचे कितीतरी प्रकार होते. स्वयंपाकघरातून लांबवलेलं ‘अहोऽ’ म्हणजे दूध उतू चाललंय. लग्नकार्यात कानाशी हळूच म्हटलेलं ‘अहो’ म्हणजे शर्टाचं बटण तुटलंय, गप्प बसा आणि हात आडवा धरा. रागाचं वेगळं, लाडाचं वेगळं. आता घरात दिवसभर तिचा आवाज असायचा, पण तो त्यांच्यासाठी नसायचा. जितीजागती बायको समोर बसलेली असताना तिची आठवण येते, हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी सरांनाच तपासायला नेलं असतं.

उजाळ्याची कल्पना एका जुन्याच कोड्यातून निघाली होती. वर्षानुवर्षं कुणाला न ओळखणारा रुग्ण मरणाच्या आदल्या दिवशी एकाएकी उठून बसतो, सुनेला नावानं हाक मारतो, नातवाच्या परीक्षेची चौकशी करतो आणि मग जातो, असं अनेक घरांत घडलेलं होतं. बरेच दिवस डॉक्टर मंडळी ते ऐकून घ्यायची आणि सोडून द्यायची. मग काही संशोधकांनी साधा प्रश्न विचारला. आठवणी जर पुसल्याच गेल्या असतील, तर त्या तासाभरात त्या येतात कुठून? म्हणजे त्या आत कुठंतरी असतात. त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता तेवढा बंद होतो.

मेंदूच्या देठात तांदळाच्या दाण्याएवढा निळसर पेशींचा एक ठिपका असतो. साऱ्या मेंदूला जागं ठेवायचं काम त्याचं. या आजारात सगळ्यात आधी तोच झिजू लागतो. सोनोग्राफीत वापरतात तशाच, पण सुईच्या टोकाएवढ्या जागी एकवटलेल्या ध्वनिलहरी त्या ठिपक्यावर सोडल्या आणि त्याच वेळी सलाईनमधून एक औषध दिलं, तर उरल्यासुरल्या पेशी एकदम कामाला लागतात. मेंदूचे फुटून विखुरलेले भाग पुन्हा एका लयीत येतात. पाऊण तास, फार तर त्याहून थोडा जास्त. तेवढा वेळ माणूस परत येतो, अख्खाच्या अख्खा. पण त्या धावपळीत पेशी जळतात. तीन वेळा झालं की पुढं कशालाही प्रतिसाद मिळत नाही. म्हणून एका माणसाला तीनच उजाळे.

या तीन उजाळ्यांनी घराघरांत काय काय घडवलं होतं! कुठं भाऊ एकत्र आले होते, कुठं पार तुटले होते. आधी कुणी भेटायचं यावरून दवाखान्याच्या व्हरांड्यात भांडणं व्हायची. परदेशातली मुलं यायची, जुन्या मैत्रिणी यायच्या, दूरच्या आत्या यायच्या. रुग्णाचं रोजचं सगळं करणाऱ्या माणसाला मात्र तुला हवाय का, असं कुणी विचारत नसे. तो काय, जवळच असतो की.

पहिला उजाळा सन्मतीनं घेतला. ती आणि जावई पर्थहून आले होते. पद्मजा लेकीला मिठीत घेऊन रडली, हसली, तिच्या नोकरीचं सगळं विचारून घेतलं. सर दाराजवळ उभे होते. मध्येच पद्मजा म्हणाली, “अहो, जावयांना पाणी द्या की.” एवढंच. त्या एका ‘अहो’वर सरांनी पुढचं अर्धं वर्ष काढलं.

दुसरा दुखण्यात गेला. पद्मजा आठवडाभर पोट धरून कण्हत होती आणि कुठं दुखतंय हे तिला सांगता येत नव्हतं. तपासण्यांतून नेमकं काही निघेना. शेवटी तिलाच विचारायचं ठरलं. उजाळा मिळाल्यावर तिनं नर्सच्या सफाईनं सांगितलं, “उजव्या बरगडीखाली, खांद्यात कळ जाते, तेलकट खाल्लं की वाढतं. पित्ताशय बघा.” मग सर्जन आले, भूलतज्ज्ञ आले, प्रश्नांवर प्रश्न. सरांना पुढं व्हायला मिळालं तेव्हा तिची नजर पुन्हा विझत चालली होती.

राहिला तिसरा.

मगदूम सर शाळेत खेळाचे शिक्षक होते. त्यांच्या खो-खोच्या पोरींनी जिल्हा गाजवला होता. साठीतसुद्धा ते मैदानाला दहा फेऱ्या मारून मग चहा प्यायचे. या तीन वर्षांत त्या शरीराची पार रया गेली. पद्मजाला उचलून उचलून उजवा खांदा असा आखडला की शर्ट घालताना डोळ्यांत पाणी यायचं. पावलं संध्याकाळपर्यंत सुजायची. जेवण ओट्यापाशी उभ्यानंच उरकायचं. रक्तदाबाच्या गोळ्या कधी आठवायच्या, कधी नाही. पद्मजा रात्री ‘राउंड’ला उठायची, त्यामुळे सलग झोप म्हणजे काय हे ते विसरूनच गेले होते. मैदानाकडं जाणं थांबलं, मित्र फोन करून करून थांबले.

आणि एका दुपारी तिनं भाताचा घास त्यांच्या अंगावर थुंकला तेव्हा सर एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकू लागलं. हातातली ताटली त्यांनी भिंतीवर भिरकावली. पद्मजा कोपऱ्यात अंग चोरून बसली. “मामा, साहेबांना सांगीन हं,” ती कापत म्हणाली. सर मोरीत गेले, नळ सोडला आणि त्या आवाजाच्या आडोशाला बराच वेळ बसून राहिले. आपण असे नव्हतो, एवढंच त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं.

तिसऱ्या उजाळ्यासाठी ते दवाखान्याच्या उजाळा केंद्रात नाव द्यायला गेले तेव्हा डॉ. अल्फिया मुजावर यांनी आधी त्यांचाच दंड पुढं करायला सांगितला. अल्फिया त्यांच्या शाळेची, त्यांच्याच संघातली.

“माझं काय तपासतेस? पेशंट ती आहे.”

“सर, सांभाळणाऱ्यालाही तपासायचं, असा नियमच आहे आता. आणि नियम नसता तरी मी तपासलं असतं.”

दोन दिवसांनी तिनं त्यांना बोलावून घेतलं. अहवाल समोर होते, पण ती त्यांच्याकडं बघत नव्हती.

“सर, संकट आलं की शरीर एक रसायन सोडतं. पळायला, लढायला बळ मिळावं म्हणून. संकट गेलं की ते उतरतं. तुमचं उतरतच नाही. आठवतं, तुम्ही आम्हाला खो-खोच्या पाटीवर उकिडवं बसवायचात आणि म्हणायचात, खो मिळेपर्यंत टाच उचललेलीच पाहिजे? तुमचं शरीर तीन वर्षं तसं बसलंय. त्यानं साखर वाढते, रक्तदाब वाढतो, राग अनावर होतो, झोप उडते. आणि हृदय दमतं. तुमचं दमलंय. पायांची सूज त्याचीच आहे.”

“गोळ्या दे. घेतो.”

“गोळ्या देतेच. पण सिस्टरना दिवसा आमच्या डे केअरमध्ये ठेवा. सकाळी सोडा, संध्याकाळी न्या. उचलायला, न्हाऊ घालायला माणसं आहेत इथं. नाहीतर सर, मी स्पष्टच बोलते, तुम्ही त्यांच्या आधी जाल.”

“ती माझ्या हातानंच जेवते, अल्फिया.”

“सवय होईल.”

“तिला होईल गं,” सर म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. “लोकांच्या दारात बायकोला सोडून मी घरी जाऊन काय करू? तो विषय नको. उजाळ्याचं सांग.”

अल्फियानं सुस्कारा सोडला. पद्मजाच्या पेशी अपेक्षेपेक्षा झपाट्यानं कमी होत होत्या. महिन्याभरात केला तर तिसरा उजाळा साधेल, पुढं भरवसा नाही, असं तिनं सांगितलं.

त्या रविवारी सन्मतीचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा भरलेला दिसत होता. सातवा महिना होता तिला.

“बाबा, तिसरा मी आल्यावर करू या ना. बाळाला घेऊनच येते. आईच्या मांडीवर एकदा द्यायचंय मला. तिला कळेल तेव्हा द्यायचंय.”

“तोवर थांबता येणार नाही, असं म्हणतात.”

“थोडं लांबलं तर काय होईल? विचारा ना डॉक्टरना. बाबा, तुम्ही तर रोज असताच तिच्याजवळ.”

जन्मात सरांनी लेकीला कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

“सन्मती,” ते म्हणाले, “हा मला पाहिजे.”

“म्हणजे?”

“मला तिच्याशी बोलायचंय. मी रोज तिच्याजवळ असतो, पण ती कुठं असते गं माझ्याजवळ?”

मग “बरं,” एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. सर तसेच बसून राहिले. आपण नातवंडाचा वाटा खाल्ला असं त्यांना वाटत होतं आणि तरीही तो परत द्यायची त्यांची तयारी नव्हती.

ठरल्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. काय बोलायचं त्याची उजळणी आठवडाभर चालली होती. तिला विचारायचं होतं, तुला आत कसं वाटतं, अंधारात असल्यासारखं का? सांगायचं होतं, तुझी जाई यंदा जिन्यापर्यंत चढली. तू नसताना तुझ्याशी भांडायची किती इच्छा होते, तेही सांगायचं होतं. आणि मुख्य म्हणजे काहीच न बोलता तिच्या तोंडून आपल्याला दिलेली हाक ऐकायची होती. आदल्या रात्री पद्मजानं पहाटेपर्यंत वॉर्डात फेऱ्या घातल्या होत्या. सर तिच्या मागोमाग हिंडत होते. पण सकाळी त्यांना थकवा म्हणून जाणवला नाही.

खोली पूर्वेकडची होती. पद्मजाच्या डोक्यावर पाण्याची गादी लावलेला टोप बसवला, शिरेत औषध सुरू झालं. यंत्राची बारीक गुणगुण ऐकू येत होती. सर खुर्चीच्या कडेवर बसले होते.

पद्मजानं डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत माणूस होतं.

अल्फियानं नियमाप्रमाणे तिला सगळं सांगितलं: आजार कोणता, वेळ किती, हा तिसरा आणि अखेरचा. पद्मजानं शांतपणे ऐकून घेतलं. “कळलं बाळ,” ती म्हणाली. अल्फिया दार ओढून बाहेर गेली.

पद्मजानं मान वळवली.

“अहो.”

सरांनी आठवडाभर जुळवलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं. ते नुसतेच तिच्याकडं बघत राहिले. तीही बघत होती. मग तिच्या कपाळावर एक आठी उमटली, जी त्यांनी तीन वर्षांत पाहिली नव्हती.

“हे काय करून घेतलंय स्वतःचं?”

“कुठं काय. वय झालं.”

“बूट काढा.”

“पद्मा, ते राहू दे. मला तुझ्याशी—”

“बूट काढा म्हणते ना.”

त्यांनी काढले. तिनं वाकून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. तिनं मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत ओठांनी मोजलं.

“रात्री झोपता का?”

“झोपतो की.”

“खोटं. मी झोपू देत नाही, होय ना?” तिचा आवाज खाली आला. “मला कोण उचलतं?”

“दुसरं कोण उचलणार?”

“आणि तुम्हाला कोण बघतं?”

सरांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. पद्मजानं खाटेवर सरकून जागा केली.

“इथं पडा जरा.”

“वेडी आहेस का? वेळ थोडा आहे.”

“थोडा आहे म्हणूनच सांगते. पडून बोला. मी ऐकते. कुठं जात नाहीये मी.”

पाच मिनिटं म्हणून ते आडवे झाले, डोकं तिच्या मांडीजवळ. तिनं आखडलेल्या खांद्याखाली उशी सारली, अगदी दुखत होतं तिथंच, न विचारता. मग तिचा हात त्यांच्या कपाळावर आला.

“जाई जिन्यापर्यंत आली यंदा,” सर म्हणाले.

“होय?”

“फुलं इतकी येतात की... कुणी वेचायला...”

“डोळे मिटून सांगा. मी आहे.”

मी आहे. तीन वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. सरांनी डोळे मिटले.

ते जागे झाले तेव्हा उन्हाची तिरीप भिंतीवरून उतरून फरशीवर आली होती. अंगावर चादर होती. पद्मजा शेजारी ताठ बसून समोर बघत होती. ते हलताच तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

“मामा, उठा. मोठे डॉक्टर राउंडला येतील.”

सर उठून बसले. घड्याळाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा घड्याळाकडं पाहिलं. मग ते अनवाणीच व्हरांड्यात धावले.

“उठवलं का नाहीस मला? अल्फिया, उठवलं का नाहीस?”

त्यांचा आवाज सगळ्या मजल्यावर गेला. अल्फियानं त्यांना धरून बाकावर बसवलं. तिचे डोळे लाल होते.

“उठवणार होते, सर. थोडा वेळ राहिला तेव्हा आतही आले. सिस्टरनी हात लावू दिला नाही.”

“का पण?”

“आधी त्यांनी मला बोलावून तुमचे सगळे रिपोर्ट विचारले. एकेक. मी सांगितले. मग म्हणाल्या, ‘मला दिवसा इथं ठेवायचं. हे ऐकणार नाहीत, म्हणतील बायकोला टाकलं. त्यांना सांग, टाकलं नाही, मीच सांगितलं. आणि मला उचलायचं नाही त्यांनी, अजिबात.’ माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.”

सर जमिनीकडं बघत होते.

“मी म्हटलं, सिस्टर, वेळ संपत आलाय, सरांना तुमच्याशी बोलायचंय. त्यासाठी त्यांनी लेकीलासुद्धा नाही म्हटलंय. त्या म्हणाल्या, ‘मलाही बोलायचंय गं. पण किती दिवसांनी झोपलेत. मला बघू दे.’ मग शेवटपर्यंत तुमच्याकडंच बघत होत्या.”

संध्याकाळी सन्मतीचा फोन आला. “बोललात का आईशी? काय म्हणाली?”

“मी झोपलो,” सर म्हणाले.

“काय?”

“तिनं झोपवलं मला. तुझा वाटा घेतला आणि झोपलो गं मी.”

सन्मती रडू लागली. लहानपणी तापात पडली की रडायची तशी. “बाबा, बरं केलंत,” ती हुंदक्यांतून म्हणाली. “बरं केलंत तुम्ही. तिला तेच पाहिजे असणार.”

पुढच्या सोमवारी सरांनी पद्मजाला डे केअरच्या दारात सोडलं. एका मावशीचा हात धरून ती आत गेली. वळून बघितलं नाही. सर घरी आले आणि सबंध दिवस खोल्याखोल्यांतून हिंडत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच गेलं. तिसऱ्या दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागली. हळूहळू गोळ्या वेळेवर जाऊ लागल्या, खांद्याचे व्यायाम सुरू झाले, पायातले बूट पुन्हा सैल होऊ लागले. प्रकृती सुधारू लागली तशी पोकळीही जास्त टोचू लागली. दमलेल्या माणसाला ती नीट जाणवतसुद्धा नाही. पण आता संध्याकाळी तिला आणल्यावर त्यांच्या अंगात बसून बोलण्याइतकं त्राण असायचं. सन्मतीला मुलगा झाला ते त्यांनी पद्मजाला फोटो दाखवून सांगितलं. “वजन चांगलंय बाळाचं,” ती म्हणाली.

अशाच एका संध्याकाळी गॅलरीत बसले असताना सर म्हणाले, “सिस्टर, एक गोष्ट सांगू?”

“सांगा मामा. आता काम नाही फारसं.”

“एक सिस्टर होती. तिची ड्यूटी संपत आली होती, तासभरसुद्धा राहिला नव्हता. आणि तिच्याकडं एक पेशंट आला. पाय सुजलेले, कित्येक दिवस डोळ्याला डोळा नाही. त्याला तिच्याशी बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं.”

“मग?”

“तिनं त्याला झोपवलं.”

पद्मजानं गंभीरपणे विचार केला. “झोपला का?”

“झोपला.”

“मग झालं की. चांगली होती सिस्टर.”

“होय,” सर म्हणाले. “पण त्याचं बोलायचं राहिलं ना.”

“त्यात काय एवढं?” पद्मजानं त्यांच्याकडं बघितलं, काही न कळणाऱ्या नव्या कामगाराकडं बघावं तसं. “उठल्यावर बोलेल की.”

सरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“तेच करतोय,” ते म्हणाले आणि बोलू लागले.